शिवरंजनीची खात्री

कापसाच्या गाडीत हात घालायचा तर कोपरापर्यंत घालावा, हे शिवरंजनीला पाटीवर अक्षरं गिरवायच्या वयातच ठाऊक झालं होतं. तिचे वडील बसवंतराव मानवतमधल्या एका जिनिंगवाल्यासाठी तीस वर्षं कापूस पारखत. शाळेला सुट्टी असली की ही पोर त्यांच्या धोतराचा सोगा धरून यार्डात हजर. गाडीवर रचलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बसवंतराव बघतसुद्धा नसत. "वरचा माल पाव्हण्याला दाखवायचा असतो," असं म्हणून ते बाही मागे सारत, आत खोल हात खुपसत आणि तळातला मूठभर कापूस काढून दाबून बघत. ओल असली की मुठीला कळायचं. शेतकरी कुरकुरायचा, पण भांडायचा नाही, कारण बसवंतरावांनी तोंड उघडायच्या आधी कापूसच सगळं बोलून गेलेला असायचा.

लग्न झालं तेही मानवतमध्येच, तीन गल्ल्या सोडून. माहेर इतकं जवळ की रुसून जायचीसुद्धा सोय नव्हती. नवरा विरेश याचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, सुतळीची बंडलं, टोपल्या, सुपं. दुपारी विरेश जेवायला आणि घटकाभर आडवा व्हायला घरी यायचा, तेव्हा बारा ते चार शिवरंजनी गादीवर बसायची. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं तिला बघून चुळबुळायची. पुढं पुढं पेडगावकडची माणसं पायरीवरूनच विचारायला लागली, "बाई हायत का?" दोर दोन बोटांत फिरवून तो बैलाला टिकेल की शेळीला, हे ती सांगायची, आणि जो टिकणार नाही तो विकायची नाही. विरेशला याचा थोडा त्रास आणि बराच अभिमान होता. त्या चार तासांत ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती. दुकानवाली बाई होती, आणि तिला ते फार आवडायचं.

छत्तिसाव्या वर्षी एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर मळकट काच धरल्यासारखं झालं. महिन्याभरात ते गेलं, म्हणून सगळे विसरले. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. मग चालताना डावं पाऊल घसटायला लागलं. दोन वर्षं ताकदीची इंजेक्शनं झाली, मणक्याचा पट्टा झाला, नागुबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, डिंकाचे लाडू तर इतके केले की गल्लीतली पोरंही खाऊन धष्टपुष्ट झाली. शेवटी नांदेडला मशीनमध्ये घालून फोटो काढले तेव्हा दुखण्याला नाव मिळालं. मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी समजावलं की वायरवरचं प्लास्टिक जागोजागी झिजलं की करंट नीट पोचत नाही, तसं मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांचं होतं. पुरतं बरं होणार नाही, औषधानं आवरता येईल, आणि झेपेल तेवढा व्यायाम सोडायचा नाही. नागुबाईंनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं रडण्यात बुडालं.

तेव्हापासून त्या घरात एकच वाक्य घुमायला लागलं. "तू बस." भाकरी थापायला उठली, "तू बस, मी थापते." पाण्याचा तांब्या उचलला, "तू बस की माय." दाराशी कुणी आलं, "तू बस, मी बघतो." दोन उन्हाळ्यांपूर्वी दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर ती पडली, मनगट मुरगळलं, आणि विरेशनं तिला रिक्षात घालून घरी आणली. त्या दिवसापासून तिचं दुकानात बसणंही बंद. त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मायेनं पुढं केलेल्या खुर्चीशी कसं भांडायचं?

ती बसली. बसून बसून पाय आणखी जड झाले. रोज सकाळी अंघोळ करून ती गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायची. डाव्या तळव्यावर लिंग घेतलं की हात थरथरायचा, आणि ती हळूच उजवा हात खाली धरायची. बाकी कुणाला कळो न कळो, आपला हात आज किती स्थिर आहे हे तिला त्या घटकेला नेमकं कळायचं.

मृगाच्या आठवडाभर आधी सुकेशनी घरी आली. चुडाव्याची मुलगी, परभणीत फिजिओथेरपिस्ट, वरच्या पदवीसाठी अभ्यास करत होती. आसपासच्या तालुक्यांत हिंडून तिनं हेच दुखणं असलेली अकरा माणसं शोधली होती. व्यायाम शिकवायचा, घड्याळ लावून चालणं मोजायचं आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट मोजायची, जी घड्याळात दिसत नाही. व्यायाम आपल्याच्यानं होईल याची माणसाला स्वतःला किती खात्री वाटते? "पायात ताकद असून भागत न्हाई," ती म्हणाली, "आपल्याच्यानं होतंय असं वाटलं तरच माणूस रोज उठतो."

"बघ माय, काय मोजशील ते मोज," नागुबाई म्हणाल्या. "वजन मोजू नको तेवढं, लय उतरलंय तिचं."

मग सुकेशनीनं दहा प्रश्नांचा कागद काढला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते शंभर यातला एक आकडा सांगायचा. समोर नागुबाई शेंगा फोडत बसलेल्या, दाराच्या चौकटीला टेकून विरेश उभा.

"थकवा जाणवत असताना व्यायाम करण्याची आपल्याला किती खात्री वाटते?"

"शंभर," शिवरंजनी म्हणाली.

"हवामान प्रतिकूल असल्यास?"

"शंभर."

"मन उदास असताना?"

"शंभर."

दहाच्या दहा प्रश्नांना शंभर. व्यापाऱ्याच्या घरातली बाई ती. परक्या माणसासमोर, घरचे ऐकत असताना, आपल्याच मालाला आपण नाव ठेवायचं? कागद घेऊन आलेली पोर म्हणजे पाव्हणी, आणि पाव्हणीनं विचारलं तर "सगळं बरं हाय" याखेरीज दुसरं उत्तर त्या घरात कुणी कधी दिलं नव्हतं. शिवाय दारात विरेश उभा होता. दुकानाचा पुढचा निम्मा भाग मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या नागेशला द्यायचं त्याच्या मनात होतं, आणि तो निम्मा भाग म्हणजे नेमकी शिवरंजनीची गादी. दिवाळीपर्यंत थांबतो, असं तो म्हणाला होता. तिला ती गादी परत पाहिजे होती. खुर्चीतून उठायची खात्री नसलेल्या बाईला गादी कोण देणार?

सुकेशनीनं चार व्यायाम शिकवले. हात न लावता खुर्चीतून उठायचं, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, असे. सकाळच्या गारव्यात करायचे, मानेवर ओला पंचा ठेवायचा, कारण अंग तापलं की या दुखण्यात पाय ऐकत नाहीत. आणि एक कॅलेंडर दिलं. व्यायाम केला त्या दिवशी चौकटीत बरोबरची खूण करायची.

सहा आठवड्यांनी ती परत आली तेव्हा नागुबाई शेजारी बारशाला गेल्या होत्या. घरात दोघीच. सुकेशनीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. बेचाळीस दिवस आणि खुणा तेरा. शिवरंजनीचा चेहरा कानापर्यंत तापला.

"मॅडम, तो पयला कागद फाडून टाका. मी खोटं सांगितलं."

"फाडता येत न्हाई, ताई. तुमी सांगितलं तेच लिहिलंय मी." सुकेशनी खुर्ची ओढून जवळ बसली. थोडा वेळ पेनचं टोपण काढत घालत राहिली. "एक सांगू का? अकरातल्या नऊ जणांनी मला शंभराच्या आसपासच सांगितलंय. आन् कॅलेंडरं सगळ्यांची अशीच. खोटं तुमी एकट्याच बोलल्या असत्या तर मला काय वाटलं नसतं. मला वाटायलंय की माझे प्रश्नच वरवरचे हायत."

ही पोर आपल्याला तपासायला आलेली नाही, तिचाच पाय कुठंतरी अडकलाय, हे शिवरंजनीला तेव्हा कळलं, आणि फार दिवसांनी कुणाला तरी आपली गरज आहे असं वाटून तिला मनापासून बरं वाटलं. तिनं बसवंतरावांची गोष्ट सांगितली. बाही सारणं, खोल हात घालणं, तळातली ओल.

सुकेशनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग तुमीच सांगा. हात कुठं घालू?"

"हवामान प्रतिकूल म्हंजे काय वो? पावसाचं मला काय भ्या न्हाई. ऊन विचारा. लाइट गेली, पंखा बंद झाला, अंगातून वाफा निघायल्या, तवा करशील का, आसं विचारा."

सुकेशनी लिहायला लागली.

"पाव्हणे आले तर? घरात पाव्हणे बसलेले असताना सून भिंतीला धरून टाचा उचलायली, हे बरं दिसंल का? ते विचारा. पडायचं भ्या विचारा. दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठिवायच्या आधी पोटात जे होतं ते विचारा." ती थांबली. बाहेर गल्लीतून बारशाची गाणी ऐकू येत होती, त्यात नागुबाईंचा चढा आवाज ओळखू येत होता. "आन् अजून एक हाय. पण ते विचारू नका."

"का?"

"उत्तर द्यावं लागंल."

सुकेशनीनं आग्रह केला नाही. नुसती पेन धरून बसली. शेवटी शिवरंजनीनंच तो प्रश्न सांगितला, आणि सांगताना तिला रडू आलं. सुकेशनीनं तो जसाच्या तसा लिहून घेतला. मार्गदर्शक सरांना विचारून जुन्या कागदाला हे प्रश्न वेगळा कागद म्हणून जोडते, आणि अकराही जणांना विचारते, असं म्हणाली.

त्यानंतरचे तीन महिने शिवरंजनीनं कॅलेंडरशी प्रामाणिक राहायचं ठरवलं. ज्या दिवशी नाही जमलं त्या दिवशी चौकटीत बारीक अक्षरात कारण लिहायचं. "ऊन." "पाव्हणे." "पाय उचलंना." आणि सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द, "बस". नागुबाईंना वाचता येत नव्हतं. तेवढ्या आधारावर तो शब्द भिंतीवर उघड राहिला. खुणा मात्र वाढत गेल्या. पहाटे नागुबाई पूजेला बसल्या की त्या अर्ध्या तासात ती चोरून उठायची, बसायची, उठायची. त्रेचाळिसाव्या वर्षी आपल्याच घरात खुर्चीवरून चोरून उठायचं, याचं तिला हसूही यायचं आणि रागही यायचा. दोनदा पडली. दोन्ही वेळा कुणाला न बोलवता भिंत धरून उठली, आणि दुसऱ्यांदा उठल्यावर तिला पडल्याचं वाईट वाटण्याऐवजी उठल्याचा आनंदच झाला.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा सुकेशनीचा फोन आला, उद्या येते. त्या दुपारी जेवताना विरेश म्हणाला, "मॅडमच्या कागदावर काय येतंय ते मी बी बसून ऐकतो. नागेश लय मागं लागलाय. एकदा काय ते ठरवून टाकू."

आता आली का पंचाईत! पुन्हा शंभर म्हणायला तिचं काय जात होतं? एक शब्द. तेवढ्यात गादी परत. खरं सांगावं तर आकडा अर्ध्यावर येणार, आणि मागचा कागद शंभरचा. म्हणजे बाई खाली घसरली, असंच कुणीही म्हणणार. सकाळी पूजेला बसली तरी तिचं ठरलं नव्हतं. लिंग तळव्यावर घेतलं. हात थरथरला. तिनं सवयीनं उजवा हात खाली नेला आणि मग मागे घेतला. थरथरू दे. तेवढा वेळ ती थरथरत्या हाताकडे बघत राहिली.

सुकेशनी आली. विरेश पाटावर बसला, नागुबाई सुपात तूर निवडत बसल्या. घड्याळ लावून चालणं मोजून झालं, मग जुन्याच्या आधी नवा कागद निघाला.

"ऊन तापलंय, लाइट गेली. व्यायाम कराल याची खात्री?"

"तीस."

विरेशनं मान वर केली.

"घरात पाव्हणे असताना?"

"पन्नास."

"पडायचं भ्या वाटत असताना?"

"साठ." हे मात्र तिनं जरा ताठ बसून सांगितलं.

"तिसरी पायरी चढताना?"

"चाळीस."

विरेशचा चेहरा उतरत चालला होता. सुकेशनीनं पान उलटलं, शिवरंजनीकडे बघितलं. शिवरंजनीनं मानेनं हो म्हटलं. मग सुकेशनीनं शेवटचा प्रश्न वाचला, हळू, एकेक शब्द सुटा करून. "घरातलं माणूस मायेनं 'तू बस' म्हणालं, तरी उठून व्यायाम कराल याची खात्री किती?"

"शून्य."

सुपातली तूर वाजायची थांबली. 

"म्हंजे," नागुबाई म्हणाल्या, "मी गं? मी वाईट केलं का तुझं?"

"न्हाई, आत्याबाई. तुमी लय केलं. माझ्या मायनं केलं नसतं एवढं केलं." शिवरंजनी खुर्चीतच त्यांच्याकडे वळली. "पण तुमी बस म्हणलं की माझ्यानं उठवत न्हाई. तुमचं मन मोडायचं म्हंजे मला पायरीपेक्षा अवघड जातं."

सुपातला एक खडा नागुबाईंनी उचलला आणि तो टाकायचं विसरून हातातच धरून बसल्या.

विरेश सुकेशनीकडे वळला. "मॅडम, मग आता ही दुकानात बसू शकंल का? कागद काय म्हणतोय?"

"कागद काय परवाना न्हाई, भाऊ. पाय मोजलेत, ते मागच्यापेक्षा चांगले हायत. बाकीचं त्यांनाच विचारा."

विरेशनं बायकोकडे बघितलं. बारा वर्षं दुकानाच्या गादीवर बसलेल्या, दोर दोन बोटांत फिरवून बघणाऱ्या बाईकडे. "किती म्हणलीस पायरीचं?"

"चाळीस."

"मागच्या वक्ताला शंभर म्हणली होतीस."

"तवा खोटं बोलले होते."

"ते मला तवाच कळलं होतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुला बघायलोय. जो माल टिकत न्हाई तो टिकतो म्हणून तू कधी इकला न्हाई. आन् त्या दिवशी दहाच्या दहाला शंभर! मी म्हणलं, हिचा सगळा धीर सुटलाय, म्हणूनच अशी बोलायली. तवाच नागेशला निम्मं व्हय म्हणून आलतो." तो उठला. कोपऱ्यातली चप्पल पायात सरकवत म्हणाला, "चाळीस म्हणायलीस तर चाळिसाला बसता येतंय. जातो, त्याला दुसरी जागा बघ म्हणून सांगतो."

पाडव्याच्या सकाळी शिवरंजनी दुकानाशी रिक्षातून उतरली तेव्हा पायऱ्यांच्या कडेनं खांबापासून खांबापर्यंत मनगटाएवढा जाड दोर ताणून बांधलेला होता. दुकानातला सगळ्यात चांगला दोर. विरेश आत टोपल्या लावत राहिला. तिनं दोर दोन बोटांत फिरवून बघितला, खोडच तिची, आणि मग मुठीत धरला. पहिली पायरी. दुसरी. तिसरीला डावं पाऊल घसटलं. मागे नागुबाई उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. शिवरंजनी वर पोचली. बारा ते चारचं ऊन सोसवणार नव्हतं म्हणून आता सकाळी नऊ ते अकरा, एवढंच ठरलं होतं. दोन तास. गादीवर बसून तिनं मानेवरचा ओला पंचा नीट केला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "तो कासरा नको घेऊस, आतून विरलाय."

संक्रांतीनंतर सुकेशनी चौथ्यांदा आली. ऊन अजून तिसावरच होतं. पाव्हणे साठावर, पायरी पंचावन्नावर. शेवटचा प्रश्न आला तेव्हा मात्र शिवरंजनी थांबली.

"हे मी कसं सांगू? हे आत्याबाईंना विचारा."

सुकेशनीला हसू आलं, पण तिनं खरंच पेन घेऊन तोंड नागुबाईंकडे वळवलं. "आजी, शून्य ते शंभर. ह्या उठायल्यात, घाम फुटलाय, पाय थरथरायलेत. तरी तुमी 'तू बस' न म्हणता नुसतं बघत राहाल, याची खात्री किती?"

"मला गं? मला काय विचारतीस? शं..." एवढं नागुबाईंच्या तोंडून आलंच होतं. पाव्हणीला द्यायचं उत्तर ते. पण त्याच वेळी शिवरंजनी चहा ठेवायला म्हणून खुर्चीतून उठायला लागली, हात न लावता. अर्ध्यावर आली आणि गुडघे लटपटायला लागले. नागुबाईंनी सुपाची कड दोन्ही हातांनी आवळून धरली. ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं. शिवरंजनी तशीच अर्धवट वाकलेली थांबली, दम घेतला, पुन्हा जोर लावला आणि उभी राहिली. भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेली.

नागुबाईंनी सूप खाली ठेवलं.

"वीस," त्या म्हणाल्या. "खरं सांगायलेय, पोरी. वीसच लिव."